पिठाचा मोर

गत हिवाळ्यात आमच्या घरच्यांनी कौटुंबिक केक-सजावटीच्या स्पर्धेत भाग घेतला. अंड्याविना केक फुगेल काय, ही आमची पहिली शंका. ती सूनबाईंनी फेडली. मैद्यात दही व खाण्याचा सोडा घातला की दह्याच्या आंबटपणाने वायू सुटतो आणि पीठ फुलते.

खरा पेच पुढे आला. नातीने केकचा मोर करण्याचे योजिले. मोर केला म्हणजे अखेर त्याची मान कापणे आले! आम्ही तिला यशोधर राजाची कथा सांगितली. सोमदेवसूरींच्या इ. स. 959 मधील 'यशस्तिलकचंपू'त ती आहे. मातेच्या आग्रहावरून राजाने केवळ पिठाचा कोंबडा बळी दिला. तरी मायलेकांस अनेक जन्म पशुयोनीत काढावे लागले.

"पण आजोबा, माझ्या मनात मारणे कोठे आहे?" नातीने विचारले. हिंसा हातापेक्षा भावात असते, हे आम्हीच तिला शिकविले होते. आम्ही निरुत्तर झालो व निर्णय तिच्यावर सोपविला.

सायंकाळी ती आपणहून म्हणाली, "मोराच्या मानेवर सुरी माझ्याने धरवणार नाही."

मग सर्वांनी मिळून आपल्या बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा रचिला. सातपुड्याचे पाझरते पाणी भूमिगत मार्गाने, केवळ उताराच्या बळावर शहरास आणण्यासाठी 1615 साली मोगल अमदानीत झालेली ही योजना. आम्ही कुंड्या खव्याच्या केल्या, पाणी खडीसाखरेचे.

बक्षीस मिळाले नाही. सूर्यास्तापूर्वी केक कापला; नातीचा हात अडखळला नाही.