दुभाष्याला उभं राहायला जागा : कन्सोलवरचे शब्द आणि चित्रं

आजचा विषय वरवर पाहिला तर यंत्रवाल्यांचा आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने त्यात का शिरावं, असं काहींच्या मनात येईल. पण थोडं थांबा. प्रश्न संवादाचा आहे, आणि संवाद म्हटलं की आपण मंडळी तिथे घुटमळणारच.

संगणकाला आपली आज्ञा दोन तऱ्हांनी समजावून देता येते. एक तऱ्हा ग्रंथाच्या भाषांतरकाराची. आपण अख्खं पुस्तक हातात द्यायचं, तो पुरं भाषांतर करून परत आणतो. त्याला कंपायलर म्हणतात. दुसरी तऱ्हा इंटरप्रिटरची, म्हणजे सरळ मराठीत दुभाष्याची. आपण एक वाक्य बोलायचं, त्याने ते तिथल्या तिथे पोचवायचं आणि उत्तर घेऊन यायचं. मग आपलं पुढचं वाक्य. ज्या जागी हे बोलणं चालतं, ती जागा म्हणजे कन्सोल. तिथे एखादी खूण लुकलुकत असते, ‘बोला, मी ऐकतोय’ असं सांगणारी. तिला प्रॉम्प्ट म्हणतात.

केवळ शब्दांचा व्यवहार असतो तोवर काही अडत नाही. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी बेसिक ही भाषा चालू केली, तेव्हा समोर पडदा नव्हताच. टेलिटाइप होता, कागदाचा रोल होता. (हे केमेनी गणिती खरे, पण त्याआधी प्रिन्स्टनमध्ये तत्त्वज्ञान शिकवत होते. १९५९ साली त्यांनी ‘अ फिलॉसॉफर लुक्स ॲट सायन्स’ हे पुस्तकही लिहिलं. तेव्हा आपल्या घुसखोरीला थोडा आधार आहे म्हणायचा.) कागदावर एक सोय अशी, की बोललेलं पुसलं जात नाही. मागचं सगळं वर सरकत जातं आणि हवं तेव्हा रोल उलगडून बघता येतं.

मग पडदा आला, आणि पडद्यावर चित्रं आली. खरा घोटाळा इथून सुरू होतो.

भूमितीच्या तासाचा फळा आठवा. मास्तर त्रिकोण काढतात, शेजारी सिद्धता लिहितात. फळा भरला की काय पुसतात? सिद्धतेच्या वरच्या ओळी पुसतात, त्रिकोण ठेवतात. कारण सिद्धता काळात चालते. एक ओळ, मग दुसरी, आणि जुनी ओळ समजून घेतली की तिचं काम झालं. त्रिकोण मात्र अवकाशात उभा असतो. तो शेवटपर्यंत लागतो. आता असा फळा कल्पून बघा, की खाली नवी ओळ लिहिली की अख्खा फळा एक ओळ वर सरकतो. तीन-चार ओळींत त्रिकोणाचं शिर गायब, आणखी थोड्या ओळींत अर्धा त्रिकोण गायब. शब्द आणि चित्र एकाच पडद्यावर, एकाच नियमाने ठेवले की नेमकं हेच होतं. शब्दांचा धर्म वाहण्याचा, चित्राचा धर्म टिकण्याचा. दोघांना एका घरात नांदवायचं, हे कन्सोल रचणाऱ्याचं काम.

१९७७ च्या ॲपल टू या यंत्राने सरळ वाटणी केली. वर २८० गुणिले १६० ठिपक्यांचं चित्र, खाली मजकुराच्या चार ओळी. चित्र हलत नाही, बोलणं खालच्या चार ओळींत चालतं. चार ओळी म्हणजे फारच कमी, मागचं काही दिसत नाही. पण दुभाष्याला उभं राहायला जागा आहे. त्याच यंत्रावर पूर्ण पडदाभर चित्र काढण्याची आज्ञाही होती. ती दिली की चित्र मोठं व्हायचं खरं, पण त्या चार ओळी नाहीशा व्हायच्या. आपण टाइप करतोय, यंत्र ऐकतंय, पण आपलंच बोलणं आपल्याला दिसत नाही. ‘टेक्स्ट’ हा शब्द आंधळेपणाने टाइप करून परत यायचं. ज्याला तो शब्द माहीत नाही, त्याने काय करावं? बहुतेक जण बटण बंद करून पुन्हा चालू करणार, आणि आपला प्रोग्रॅम घालवून बसणार.

१९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रमने तळाच्या दोन ओळी दुभाष्यासाठी राखून ठेवल्या. पडदा १९२ ठिपके उंच, पण चित्र काढायला मिळत १७६ च. काही चुकलं तर निरोप तिथेच, तळाशी उमटणार. वरचा भाग शब्दांनी भरला, की यंत्र चक्क ‘स्क्रोल?’ असं विचारायचं. म्हणजे, वर सरकवू का? सरकवलं की चित्रही जायचं, तेव्हा फळा सरकण्याचा दोष काही सुटला नव्हता. पण पुसण्याआधी विचारण्याची रीत होती. आम्हाला ही छोटी गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आता थोडं सविस्तर बोलू ते बीबीसी मायक्रोबद्दल. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने हे यंत्र १९८१ च्या अखेरीस आणलं, त्यातलं बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिलं. आपल्याकडे १९८४ नंतर केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पातून देशभरातल्या शाळांत संगणक गेले, ते हेच. तेव्हा आज पन्नाशीत असलेल्या काही श्रोत्यांची याच्याशी गाठ पडली असेल.

या यंत्रावर कर्सर दोन होते. एक शब्दांचा, एक चित्राचा. शब्दांची मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यापासून, कारण लिहिताना आपण वरून खाली येतो. चित्राची मोजणी डाव्या खालच्या कोपऱ्यापासून, कारण आलेखाच्या कागदावर शून्य तिथे असतं. एकाच पडद्यावर दोन आरंभबिंदू, म्हणजे गोंधळ, असं प्रथम वाटतं. पण नाही हो. माणसाच्या दोन सवयी आहेत, त्या दोन्ही जशाच्या तशा ठेवल्या, इतकंच.

पुढची गोष्ट मापांची. पडद्याच्या तऱ्हा, म्हणजे मोड, आठ होते. एकात आडवे ६४० ठिपके आणि दोन रंग, दुसऱ्यात १६० च ठिपके पण रंग जास्त. तरी चित्र काढणाऱ्यासाठी पडदा कायम १२८० गुणिले १०२४ इतकाच. मधोमध बिंदू हवा, तर ६४०, ५१२. मोड कुठलाही असो. ठिपके जाड होतील, रेघ खडबडीत दिसेल, पण त्रिकोण जागचा हलणार नाही. म्हणजे माणसाने चित्राविषयी बोलायचं, ठिपक्यांची व्यवस्था यंत्राने बघायची. याची किंमत होतीच. ३२ किलोबाइट स्मृतीपैकी सर्वांत बारीक चित्राचा मोड २० किलोबाइट गिळायचा. नुसत्या मजकुराचा सातवा मोड मात्र एकाच किलोबाइटमध्ये भागवायचा. सुंदर चित्र हवं तर विचार छोटा ठेवा, असा तो व्यवहार.

आणि आता फळ्याचं उत्तर. या यंत्रात शब्दांसाठी एक खिडकी आखता येत असे, चित्रासाठी दुसरी. पहिल्या मोडमध्ये मजकुराच्या ३२ ओळी असतात. त्यांतल्या तळच्या सहा शब्दांना द्यायच्या, तर लिहायचं : व्हीडीयू २८,०,३१,३९,२६. म्हणजे डावी कड ०, खालची ओळ ३१, उजवी कड ३९, वरची ओळ २६. एक ओळ चित्राच्या मापात ३२ एकक उंच, सहा ओळींचे झाले १९२. तेव्हा चित्राची खिडकी १९२ पासून वर. एवढं केलं की शब्द त्यांच्या सहा ओळींत वाहतात आणि वरचा त्रिकोण जिथल्या तिथे. पुसण्याच्या आज्ञाही वेगळ्या होत्या, एक शब्दांची खिडकी पुसणारी, एक चित्राची. ॲपलने चार ओळी ठरवून दिल्या होत्या. इथे वाटणी कशी करायची ते आपण ठरवायचं.

पण भूमितीच्या फळ्यावर आणखी एक गोष्ट असते. त्रिकोणाच्या कोपऱ्यांवरची अ, ब, क ही अक्षरं. ती शब्दांतली की चित्रातली? सिद्धतेत ‘अब बाजू’ म्हणताना ती शब्द असतात, आणि कोपऱ्याला चिकटून बसतात तेव्हा चित्राचा भाग असतात. तीच नसतील तर सिद्धता आणि आकृती एकमेकांना ओळखणारच नाहीत. बीबीसीच्या रचनेत यालाही जागा होती. व्हीडीयू ५ म्हटलं की अक्षरं चित्राच्या कर्सरपाशी उमटत, हव्या त्या ठिपक्यावर, आणि सरकत नसत. व्हीडीयू ४ म्हटलं की पुन्हा आपल्या खिडकीत. रचना करणाऱ्यांनी युक्लिड डोळ्यांसमोर ठेवला होता असं आमचं म्हणणं नाही. पण प्रश्न तोच होता.

हे सगळं चालायचं एकाच वाटेने. अक्षर असो, रेघ असो, रंग असो, पडद्याकडे जाणारं सारं काही एकामागून एक बाइट म्हणून जायचं. ३२ च्या आतले अंक म्हणजे हुकूम, त्यापुढची बहुतेक अक्षरं. २५ आला की रेघोट्यांचा हुकूम, आणि त्याच्यामागे पाच बाइट यायलाच हवेत : काय करायचं त्याचा एक, आडव्या मापाचे दोन, उभ्याचे दोन. आपण एखादा कमी दिला तर? तर प्रोग्रॅमच्या पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर त्या हुकुमाच्या पोटात जायचं. ‘नमस्कार’ छापायला सांगावं आणि ‘मस्कार’ उमटावं, शिवाय भलतीकडे एक रेघ! दोष शोधताना माणूस शब्दांकडे बघत बसतो आणि चूक असते चित्रात.

तरीही आम्ही या रचनेच्या बाजूने आहोत, कारण एकाच वाटेमुळे क्रम पक्का राहतो. आधी काय म्हटलं, मग काय काढलं, मग काय म्हटलं, याबद्दल शंका उरत नाही. शिवाय बोलणारा आणि दाखवणारा वेगळे करता येतात. या यंत्राला बाहेरून दुसरा प्रोसेसर जोडता येत असे. मग बेसिक त्या दुसऱ्या यंत्रात बसायचं, तेच बाइट तारेतून पाठवायचं, आणि पडदा पहिलं यंत्र सांभाळायचं. विचाराला जास्त स्मृती मिळायची आणि चित्राचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर.

ही वाट नसली की काय होतं ते आजही दिसतं. पायथॉनच्या साध्या कन्सोलवर आलेख दाखवायला सांगा. वेगळी खिडकी उघडते, आणि पुष्कळदा ती बंद करेपर्यंत प्रॉम्प्ट परत येत नाही. चित्र बघायचं असेल तर गप्प बसा, बोलायचं असेल तर चित्र मिटा! दुभाष्याला एकाच वेळी दोन यजमान झाले, तुमचा कळफलक आणि ती खिडकी. यावर उपाय असा केला जातो, की कळ दाबली जाण्याची वाट बघता बघता मधल्या रिकाम्या वेळात इंटरप्रिटरने खिडकीची विचारपूस करून यायचं.

दुसरा मार्ग नोटबुकचा. १९८८ च्या मॅथेमॅटिकात तो होता, आणि २०१४ साली आयपायथॉनमधून निघालेल्या ज्युपिटरने तो घरोघरी नेला. इथे चित्राला वेगळी जागाच नाही. चित्र हेही एक उत्तर, ते शब्दांच्या ओघातच त्या त्या प्रश्नाखाली येऊन बसतं. एकच उत्तर चित्र म्हणून आणि साधा मजकूर म्हणूनही पाठवता येतं, समोरच्याला जे दाखवता येईल ते तो दाखवतो. छानच आहे. पण इथे वरचा प्रश्न खालच्या प्रश्नानंतर पुन्हा विचारता येतो. मग वरचं चित्र खालच्या बोलण्यानंतरचं असतं, आणि वाचणारा ते आधीचं समजतो. शेजारी क्रमांक छापतात, पण तो बघतो कोण?

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे : शाळकरी मुलांसाठी छोटी भाषा करतो आहे, कन्सोल कसा ठेवू? आमचं एकच मागणं, बाकी तुमच्या कौशल्याने करा. चुकीचा निरोप कुठे आणि कोणत्या रंगात उमटेल, ते सगळ्यात आधी ठरवा. बीबीसीवर मुलाने कौतुकाने ‘कलर ०’ म्हटलं की काळ्यावर काळी अक्षरं. त्यापुढे त्याने काहीही टाइप केलं, यंत्राने काहीही उत्तर दिलं, तरी पडदा कोराच. सुटकेची आज्ञा होती, व्हीडीयू २०, पण तीही न दिसता टाइप करायची. तेव्हा मुलाला हवे तसे रंग खेळू द्या, खिडक्या हलवू द्या, पडदाभर चित्र काढू द्या. पण चूक झाली की तुमच्या इंटरप्रिटरने मुलाची रंगसंगती बाजूला ठेवून, वाचता येईल अशा रंगात, चित्राला धक्का न लावता बोललं पाहिजे. लोगो भाषेतले निरोप ‘मला हे करता येत नाही’ अशा थाटाचे, प्रथमपुरुषी असत. तसे ठेवलेत तर आणखी बरं.