इंटरनेटची सोय असलेला स्वस्त ब्लू-रे प्लेअर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खोक्यावर ‘इंटरनेट’ हा शब्द छापलेला दिसला की हा प्लेअर नेटशिवाय चालत नसावा, असे काहींना वाटते, तर नेट जोडताच हवा तो चित्रपट फुकट पाहता येईल, असे इतरांना वाटते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. ब्लू-रे तबकडीच्या एका थरावर २५ जीबी माहिती मावते, ती वाचण्यासाठी डीव्हीडीच्या ६५० नॅनोमीटर तांबड्या लेसरऐवजी ४०५ नॅनोमीटरचा जांभळट लेसर वापरला जातो, आणि चित्रपट संपूर्णपणे तबकडीवरच असल्याने गोंदिया जिल्ह्यातील इटियाडोह धरणाच्या परिसरातल्या एखाद्या घरात रेंज गेली तरी चित्र थांबत नाही. उलट सेकंदाला ५ मेगाबिट वेगाने नेटवरून चित्रपट पाहिल्यास तासाला सुमारे सव्वादोन जीबी डेटा खर्च होतो, म्हणजे मोबाइलचा रोजचा दीड जीबीचा पॅक मध्यंतरापूर्वीच संपतो.

मग ही सोय कशासाठी? ‘बीडी-लाइव्ह’ या व्यवस्थेत प्लेअरला नेटजोडणी आणि किमान १ जीबी साठवण लागते, आणि तिच्याद्वारे चित्रपट कंपनीच्या सर्व्हरवरून त्या तबकडीपुरती पूरक दृश्ये किंवा जाहिराती येतात. अधिक उपयोगाची गोष्ट म्हणजे फर्मवेअर, अर्थात यंत्राच्या आतली आज्ञावली, ताजी ठेवणे. कारण चोरप्रतींना आळा घालणाऱ्या कुलपाच्या किल्ल्या वेळोवेळी बदलतात आणि जुनी आज्ञावली असलेला प्लेअर नवी तबकडी नाकारू शकतो. हे काम मात्र बहुतेक प्लेअरमध्ये पेन ड्राइव्हनेही होते, त्यामुळे त्यासाठी घरात ब्रॉडबँड घेण्याचे कारण नाही.

सर्वांत चिवट समज जुन्या व्हीसीडीविषयी आहे. नव्या प्लेअरमध्ये टाकल्यावर लग्नाची व्हीसीडी ‘एचडी’ होते, असे मानले जाते; पण तिच्या चित्रात ३५२ × २८८, म्हणजे सुमारे एक लाख ठिपके असतात, आणि फुल एचडी पडद्यावर ते वीस लाखांवर जातात, तेव्हा वीसपैकी एकोणीस ठिपके यंत्राने अंदाजाने भरलेले असतात. नवरीच्या शालूची जर मूळ चित्रणातच धूसर असेल तर कोणताही अंदाज ती परत आणू शकत नाही. शिवाय डीव्हीडी वाचणारे कितीतरी ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचतच नाहीत, हे विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही.

परदेशातून आणलेली तबकडी नेट जोडल्याने चालू लागत नाही. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात येतो, तर अमेरिका ‘ए’ विभागात. विभागबंदी नाही ती ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रे तबकड्यांना, पण त्यांना प्लेअरही निराळा लागतो.

स्वस्त म्हणजे चित्र वाईट, हेही खरे नाही, कारण एचडीएमआय केबलमधून ब्लू-रेचे चित्र डिजिटल रूपातच टीव्हीकडे जाते. कमी किमतीचा परिणाम तबकडी उघडण्याच्या वेगावर आणि बांधणीच्या मजबुतीवर अधिक दिसतो. लवकर निकामी होतो तो नेटचाच भाग. यूट्यूबने एप्रिल २०१५मध्ये आपली जुनी जोडणी बंद केली, तेव्हा २०१२ वा त्याआधी बनलेल्या अनेक ब्लू-रे प्लेअरवरील यूट्यूब कायमचे थांबले, पण त्याच यंत्रांत तबकड्या पूर्वीसारख्याच चालत राहिल्या.