कंगव्याकडे पाण्याची धार का वळते?

एक प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी केलेला असेल. नळ अगदी थोडा सोडून पाण्याची बारीक धार पाडायची. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर दहा-बारा वेळा घासून धारेच्या जवळ, पण तिला लागणार नाही असा, धरायचा. धार कंगव्याकडे वळते! हिवाळ्यात हा प्रयोग चांगला जमतो. पावसाळ्यात हवा दमट असते, त्यामुळे कंगव्यावरचा विद्युत्भार टिकत नाही.

धार का वळते? पुष्कळ पुस्तकांत याचे उत्तर असे असते : पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू ऑक्सिजनला सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून जोडलेले असतात. त्यामुळे रेणूची ऑक्सिजनकडील बाजू किंचित ऋण व हायड्रोजनकडील बाजू किंचित धन असते. अशा रेणूला द्विध्रुव म्हणतात. कंगव्याच्या विद्युत् क्षेत्रात हे रेणू ओळीने उभे राहतात आणि कंगव्याकडे ओढले जातात.

मीही कित्येक वर्षे वर्गात हेच सांगत असे. एके दिवशी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, रेणूचे एक टोक कंगवा ओढतो, तर दुसरे टोक तो ढकलत असणार. मग रेणू पुढे सरकतो कसा?” त्या दिवशी मी वेळ मारून नेली, पण प्रश्न मनातून जाईना. आज आपण त्याचे उत्तर हिशेब करून शोधू.

क्षेत्र विरुद्ध उष्णता

विद्युत् क्षेत्र सर्वत्र सारखे असेल, तर द्विध्रुवाच्या दोन्ही टोकांवरची बले समान व विरुद्ध असतात. रेणू फक्त वळतो, जागचा हलत नाही. कंगव्याजवळचे क्षेत्र सारखे नसते. जवळच्या टोकावर ओढ थोडी जास्त असते. म्हणून थोडे बल शिल्लक राहते खरे, पण ते किती?

पाण्याचे रेणू स्वस्थ नसतात. उष्णतेमुळे ते सतत एकमेकांवर आदळत, गिरक्या घेत असतात. नेहमीच्या तापमानाला या धडपडीची ऊर्जा दर रेणूमागे सुमारे ४ × १०⁻²¹ ज्यूल धरता येते. पाण्याच्या रेणूचे द्विध्रुव आघूर्ण ६.२ × १०⁻³⁰ कूलंब-मीटर आहे. हवेत मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टपेक्षा प्रबळ क्षेत्र टिकत नाही, ठिणगी पडते. या कमाल क्षेत्राने आघूर्णाला गुणा. गुणाकार येतो सुमारे २ × १०⁻²³ ज्यूल. म्हणजे रेणूला ओळीत आणणाऱ्या ऊर्जेपेक्षा त्याला विसकटणारी ऊर्जा सुमारे दोनशे पट मोठी आहे!

एस.टी. स्टँडवरची गर्दी डोळ्यांसमोर आणा. लोक चारी दिशांना तोंडे करून बोलत आहेत. दूरवर कोणी हळूच हाक मारली, तर फार थोडे लोक तिकडे वळतील. पाण्याच्या रेणूंचे तसेच होते. ते ओळीने उभे राहत नाहीत; एका बाजूला त्यांचा सरासरी कल तेवढा जरासा वाढतो.

हा कल निरुपयोगी मात्र नाही, कारण रेणूंची संख्या प्रचंड असते. १८ ग्रॅम पाण्यात सुमारे ६ × १०²³ रेणू असतात आणि शेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. म्हणून धारित्राच्या पट्टिकांमध्ये शुद्ध पाणी भरले, तर त्याची धारिता २०° से. तापमानाला सुमारे ८० पट होते. हाच आकडा ०° से. ला ८८ आणि १००° से. ला सुमारे ५५ असतो. पाणी तापले की धडपड वाढते आणि कल कमी होतो. पीटर डिबाय या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या विचारावर आधारलेला सिद्धांत मांडला.

मग धार का वळते?

नळाच्या पाण्यात क्षारांचे धन व ऋण आयन असतात आणि ते हलू शकतात. कंगवा ऋण असेल, तर धन आयन धारेच्या टोकाकडे खेचले जातात व ऋण आयन वर, नळाच्या दिशेने, ढकलले जातात. धारेचे टोक तुटून थेंब होतात तेव्हा ते धनभार घेऊनच निघतात आणि ऋण कंगव्याकडे ओढले जातात. यालाच आपण प्रवर्तन म्हणतो. १८६७ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी थेंबांच्या अशाच प्रवर्तनातून ठिणग्या पाडणारे यंत्र केले होते. असे असूनही द्विध्रुवांचे स्पष्टीकरण पुस्तकांतून चालतच राहिले. सन २००० मध्ये ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’ या नियतकालिकातील एका लेखात ही चूक हिशेब व प्रयोगांनी दाखवून देण्यात आली.

तुम्हीही पडताळा घ्या. मेणाच्या ठोकळ्यावर पत्र्याचा डबा ठेवून तो तारेने सुवर्णपत्र विद्युत्दर्शीला जोडा. धार जेथे तुटते तेथे शेजारी घासलेला कंगवा धरा आणि थेंब डब्यात पडू द्या. पाने फाकतील. आता तोच कंगवा विद्युत्दर्शीच्या चकतीजवळ हळूहळू न्या. पाने मिटू लागतील, म्हणजेच थेंबांवरचा भार कंगव्याच्या विरुद्ध आहे.

क्षेत्र जिंकते तेव्हा

उष्णतेशी बरोबरी करायला मीटरला सुमारे ६७ कोटी व्होल्टचे क्षेत्र हवे. असे क्षेत्र मिठाच्या पाण्यात असते! सोडियमच्या आयनाला चिकटलेल्या रेणूच्या जागी, त्या आयनाचे क्षेत्र मीटरला सुमारे २,५०० कोटी व्होल्ट भरते. तेथे पाचसहा रेणू ऑक्सिजनची बाजू आत करून आयनाभोवती घट्ट बसतात. मीठ पाण्यात विरघळते ते यामुळेच.

भारित पृष्ठभागांचाही परिणाम दिसतो. इस्राएलमधील वाइझमन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये लिथियम टँटलेटच्या ऋणभारित पृष्ठावर पाण्याचे थेंब उणे ११° से. पर्यंत थंड केले, तरी ते द्रवच राहिले. पृष्ठ उणे ८° पर्यंत तापवल्यावर त्यावरचा भार धन झाला आणि थेंब गोठले. पाणी तापवल्यावर गोठले!

विद्युत् क्षेत्रातून काढलेले पाणी ‘सुव्यवस्थित’ होते व बाटलीत तसेच राहते, असे सांगून कोणी यंत्र विकू लागला, तर त्याला दोन प्रश्न विचारा. क्षेत्र किती व्होल्टचे? आणि ही व्यवस्था किती वेळ टिकते? क्षेत्र काढताच पाण्यातील रेणूंचा कल सेकंदाच्या सुमारे दहा हजार कोटीव्या भागात विसकटतो. बाटलीचे बूच लावायलाही तेवढा वेळ पुरणार नाही.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न बरोबर होता. पुस्तकातले किंवा आम्हा शिक्षकांचे उत्तर पटले नाही, तर तुम्हीही विचारा. आणि मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा.