खारबांध आणि दाबयंत्र

उरण तालुक्यांत ज्यांची शेती खाडीकांठीं आहे, त्यांस खारबांधाचें महत्त्व सांगावयास नको. बाहेरचा बांध शाबूत तर भात घरांत. बांधास खांड पडली तर खारें पाणी शेतांत, हा हिशेब आपले वाडवडील जाणून होते. पूर्वीं खांड पडली म्हणजे सारा गांव टोपल्या व फावडीं घेऊन धांवत असे. आतां तें काम बहुतेक ठिकाणीं पोकलेन किंवा जेसीबी करतो, आणि नांगरट व ओढकाम ट्रॅक्टर करतो. हीं सर्व यंत्रें भार उचलतात ती युक्ति एकच. तिला हायड्रॉलिक, म्हणजे द्रवदाबाची युक्ति म्हणतात. यंत्र आपलें असो वा भाड्याचें, त्याचें मर्म न जाणतां त्याच्या भरंवशावर बांध सोडणें किती महाग पडतें, हें प्रस्तुत लेखकानें महसूल खात्याच्या नोकरींत असतांना प्रत्यक्ष पाहिलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. एका गांवच्या बाहेरच्या बांधास वैशाखांत दोन वांव रुंदीची खांड पडली. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढून पोकलेन यंत्र आणविलें. अष्टमीच्या भांगाला पाण्याचा चढ कमी असतो, म्हणून तोच मुहूर्त धरला. अमावास्येच्या उधाणापूर्वीं काम उरकावें असा बेत होता. पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशीं सकाळपासून यंत्राच्या एका रबरी नळीच्या सांध्यापाशीं तेल पाझरत होतें. तें सर्वांनीं पाहिलें, पण "चालेल" म्हणून सोडून दिलें. दुपारीं नळी फुटली. नळी बदलली, परंतु सांडलेलें तेल भरून काढतांना चालकानें बांधावर उघड्या पडलेल्या बादलींतून नवें तेल ओतलें. त्याबरोबर रेतीही आंत गेली. तासाभरांत पंप किंचाळूं लागला व यंत्र जागच्या जागीं बसलें. मिस्त्री व सुटा भाग येण्यास सहा दिवस लागले. तोंपर्यंत अमावास्या आली. दोन वांवांची खांड दहा वांवांची झाली आणि पेरणीच्या तोंडावर साऱ्या खारांत समुद्राचें पाणी पसरलें. पंचनाम्याचे कागद मींच लिहिले. एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, "भाऊसाहेब, माणसांची रांग कधीं फुटली नाहीं, ही नळी मात्र फुटली." त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु दोष युक्तीचा नव्हता, हयगयीचा होता.

आतां या युक्तीचीं तत्त्वें पाहूं. तीं दोनच आहेत, आणि पहिलें तर खारकऱ्यांस अनुभवानें ठाऊकच आहे.

पहिलें तत्त्व असें कीं, पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. एक मीटर खोल पाणी तळाच्या दर चौरस मीटरावर सुमारें एक टन भार टाकतें; समुद्राचें पाणी जड असल्यानें किंचित् अधिक. उघाडीच्या एक मीटर रुंद दारावर एक मीटर उंच पाणी टेकलें, तर दारावर एकूण जोर सुमारें अर्धा टन पडतो. तेंच पाणी दोन मीटर चढलें, तर जोर एक टन न होतां दोन टन होतो. कारण पाणी टेकण्याची जागाही दुप्पट होते आणि सरासरी दाबही दुप्पट होतो. उंची दुप्पट, तर जोर चौपट. बांध तळाशीं रुंद घालावा व उधाणापूर्वीं त्याचा पायथा तपासावा, ही जुनी रीत याच गणितावर उभी आहे.

दुसरें तत्त्व फ्रेंच पंडित ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) यानें स्पष्ट मांडलें. बंद भांड्यांतील द्रवावर एका जागीं दाब दिला, तर तो न घटतां सर्व बाजूंस सारखाच पोंचतो. समजा, तेलानें भरलेलीं दोन नळकांडीं खालून नळीनें जोडलीं आहेत. एकाच्या दट्ट्याचें क्षेत्र एक चौरस सेंटिमीटर व दुसऱ्याच्या दट्ट्याचें पन्नास. लहान दट्ट्यावर दहा किलोंचा भार ठेवला, तर मोठा दट्ट्या पांचशें किलो पेलतो. मात्र यांत फुकट कांहीं मिळत नाहीं. लहान दट्ट्या पन्नास सेंटिमीटर खालीं गेला, तरच मोठा एक सेंटिमीटर वर येतो. जोरांत मिळविलें, तें अंतरांत द्यावें लागतें. याच तत्त्वावर इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं दाबयंत्राचें पेटंट घेतलें, व पुढें आपल्या इकडेही कापसाच्या गांठी अशाच यंत्रांनीं बांधल्या जाऊं लागल्या.

यंत्राचीं अंगें समजण्यास आपल्या खाराचाच दाखला पुरेसा आहे. तेलाची टांकी म्हणजे तळें. इंजिनावर फिरणारा पंप म्हणजे त्या तळ्यांतून तेल उपसून नळींत ढकलणारा रहाट. चालकाच्या हातांतील दांडा ज्या झडपेस फिरवितो, ती पाटाच्या बाऱ्याप्रमाणें तेल कोणत्या नळकांड्याकडे जावें हें ठरविते. नळकांड्यांतील दट्ट्या तेलाच्या दाबानें सरकतो व नांगर, ट्रॉली किंवा यंत्राचा हात उचलतो. काम झालेलें तेल गाळणींतून पुन्हा टांकींत येतें.

याखेरीज दोन झडपा महत्त्वाच्या आहेत. उघाडीचें दार ओहोटीस आंतलें पाणी बाहेर सोडतें, पण भरतीस आपोआप मिटून बाहेरचें पाणी आंत येऊं देत नाहीं. तशीच एकेरी झडप यंत्रांत असते. आणि तळें फुटूं नये म्हणून आपण सांडवा ठेवतों, तसा यंत्रांत रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब मर्यादेबाहेर गेला कीं तो उघडून तेल टांकींत परत सोडतो. "जोर कमी पडतो" म्हणून त्याचा स्क्रू आवळणें म्हणजे पावसाळ्यांत सांडवा बुजविण्यासारखें आहे.

दाबानें बळ मिळतें व तेलाच्या ओघानें वेग मिळतो, हा भेद ध्यानांत ठेवावा. दहा सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचें क्षेत्र सुमारें साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर भरतें. दर चौरस सेंटिमीटरास दीडशें किलो दाब असेल, तर तो दट्ट्या पावणेबारा टनांचा जोर लावतो. पंप मिनिटास तीस लिटर तेल देत असेल, तर दट्ट्या सेकंदास सुमारें साडेसहा सेंटिमीटर सरकतो. भार उचलतो पण फार हळू, असें झालें तर तेलाचा ओघ कमी पडला असें समजावें. गाळणी तुंबली असेल, तेल कमी असेल किंवा पंप झिजला असेल. हात गचके देत चालला, तर तेलांत हवा शिरली आहे. कारण तेल दाबलें जात नाहीं, हवा दाबली जाते. तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें, तर त्यांत पाणी मिसळलें आहे, व तें बदललेंच पाहिजे.

आतां जपणुकीच्या गोष्टी. एक, तेल यंत्राच्या पुस्तकांत सांगितलेल्याच प्रतीचें घ्यावें, झांकलेल्या डब्यांतून गाळून ओतावें, व दोन जातींचीं तेलें मिसळूं नयेत. दोन, खाडीच्या चिखलांत काम झालें कीं त्याच संध्याकाळीं यंत्र गोड्या पाण्यानें धुवावें आणि दट्ट्याचा चकचकीत दांडा कोरड्या फडक्यानें पुसावा. खारानें त्यावर गंजाचा एक खडा उठला, तरी तो आंतलें सील कापतो, आणि तेथूनच तेल पाझरूं लागतें. तीन, उचललेल्या ट्रॉलीखालीं किंवा नांगराखालीं भक्कम टेकू दिल्यावांचून कोणीही शिरूं नये. नळी फुटली तर तो भार डोळ्यांचें पातें लवण्याच्या आंत खालीं येतो. काम संपतांच अवजार जमिनीवर टेकवूनच इंजिन बंद करावें.

चौथी गोष्ट सर्वांत कमी लोकांस ठाऊक आहे, म्हणून ती विस्तारानें सांगतों. दाबाखालील नळीस सुईच्या अग्राएवढें भोंक पडलें, तरी त्यांतून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते. वर केवळ कांटा टोंचल्यासारखी खूण दिसते, वेदनाही प्रथम थोडी असते. परंतु आंत गेलेलें तेल मांस नासवितें, व उशीर झाल्यास बोट किंवा हात कापावा लागतो. म्हणून गळती कधींही हातानें चांचपूं नये. नळीजवळ पुठ्ठा धरून पाहावें, आणि नळीस हात लावण्यापूर्वीं इंजिन बंद करून, दांडे हालवून दाब उतरवावा. दुर्दैवानें तेल आंत गेलेंच, तर हळद लावून घरीं बसूं नये. त्याच तासास शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयांत जावें, व "दाबाचें तेल शिरलें आहे" असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

खारजमिनींसाठीं १९४८ सालीं मुंबई प्रांतांत व पुढें १९७९ सालीं महाराष्ट्रांत कायदे झाले, आणि योजनेंतील बांधांचें काम सरकारी खात्याकडे गेलें. तथापि उधाण कोणाच्या मंजुरीची वाट पाहत नाहीं. ऐन वेळीं गांवासच यंत्र आणावें लागतें. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें बंदर सुरू झालें, त्याच्या आधींपासून आपल्या तालुक्याची पुष्कळ जमीन संपादनांत गेली. जी खारजमीन उरली, ती तरी हयगयीनें जाऊं नये.

यास्तव प्रत्येक गांवानें यंत्र ठरवितांना भाड्याच्या दराबरोबर चार गोष्टी पाहाव्या: नळ्यांचे सांधे कोरडे आहेत कीं नाहींत, तेल स्वच्छ आहे कीं नाहीं, एक सुटी नळी व तेलाचा बंद डबा बरोबर आहे कीं नाहीं, आणि चालक पाझर दिसतांच काम थांबविणारा आहे कीं नाहीं. पाझर दिसल्यावर अर्धा तास थांबणें कोणासही जड वाटतें. परंतु त्या अर्ध्या तासाच्या बदल्यांत सबंध हंगामाचें भात गेलेलें मीं पंचनाम्यांत लिहिलें आहे.