वीस लिटरचा रमजान

७ मे २०१९ रोजी रमजानचा पहिला रोजा होता. पहाटे सहेरी उरकली, फजरची नमाज झाली आणि पाथर्डी, कर्जत, जामखेड भागातल्या वाड्यावस्त्यांवर बायका हंडे घेऊन बाहेर पडल्या. टँकरची वेळ ठरलेली नव्हती. रोजा जवळपास साडेचौदा तासांचा, उन्हाचा पारा चाळिशीच्या वर, आणि टँकर दुपारी एकला आला तर दुपारी एकलाच पळायचे. घशाला कोरड पडलेली असताना डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चालणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

आदल्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. नगर जिल्ह्यातले बरेच तालुके त्यात होते. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा पाण्याच्या बाबतीत दोन जिल्ह्यांसारखा वागतो. उत्तरेत प्रवरा-गोदावरीचे कालवे आणि ऊस; दक्षिणेत ऊस तोडायला परगावी जाणारी माणसे.

जगभरातल्या मदत संस्थांनी युद्ध, भूकंप, दुष्काळ यांत सापडलेल्या लोकांसाठी काही किमान निकष ठरवले आहेत. ‘स्फिअर’ या नावाने ते ओळखले जातात. निर्वासितांच्या छावणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी मिळावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे टँकरवर जगणाऱ्या खेड्यासाठी सरकारी माप आहे माणशी २० लिटर. सोमालिया, येमेनची चित्रे टीव्हीवर पाहून आपण हळहळतो, आणि हळहळायलाच हवे. पण ही दोन मापे शेजारी ठेवली, तर अंतर फक्त पाच लिटरच्या एका कॅनचे उरते. शहरातल्या घरात शौचालयाची टाकी दोन-तीनदा ओढली की वीस लिटर संपतात.

त्या वीस लिटरमध्ये पिणे, स्वयंपाक, भांडी, धुणे, अंघोळ. आणि दिवसातून पाच वेळा वजू. नळ सोडून वजू करायची सवय लागलेल्याला हे अशक्य वाटेल. पण हदीसमध्ये आहे की प्रेषित मुहम्मद (स.) एका ‘मुद’ पाण्यात वजू करीत. मुद म्हणजे साधारण पाऊण लिटरहूनही कमी, एक तांब्याभर. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी पाणी उधळू नका, अशीही शिकवण आहे. पाणी नसेलच, किंवा पिण्यापुरतेच असेल, तर स्वच्छ मातीवर हात टेकवून तयम्मुम करण्याची मुभा आहे. वाळवंटात रुजलेल्या धर्माला पाण्याचा हिशेब नवा नव्हता. दुष्काळी गावात तो पुन्हा कामी आला. घमेल्यात वजू केला की ते पाणी दारातल्या शेवग्याला.

बहात्तरच्या दुष्काळात याच भागातल्या लोकांनी खडी फोडली, नालाबांध घातले, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाल्ली. १९७३च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. जुनी माणसे सांगतात, तेव्हा घरात दाणा नव्हता, पण विहिरीला पाणी होते. आता दुकानात धान्य आहे आणि विहीर कोरडी. भुकेल्या माणसाला बाहेरून धान्य आणून देता येते. पाण्याचे तसे नाही. ते कुठल्या तरी दुसऱ्या विहिरीतूनच उपसावे लागते, आणि ती विहीर कोणाची तरी असते.

खरी कसोटी तिथेच लागते. टंचाईत तहसीलदार खासगी विहीर अधिग्रहित करतात, मालकाला मोबदला देतात आणि तिथून टँकर भरतात. कागदावर हे सोपे आहे. पण श्रीगोंद्या-कर्जताकडे ज्याची लिंबाची बाग आहे त्याला विचारा. पाणी गावाला दिले तर बाग वाळते. झाड वाढायला पाच-सहा वर्षे लागतात, वाळायला एक उन्हाळा पुरतो. अशा वेळी कोणी आपणहून मोटारीचे बटण दाबले, कोणी रात्रीतून टँकरवाल्याला पाणी विकले. दोन्ही प्रकारची माणसे प्रत्येक धर्मात निघतात.

मदिनेतही हा प्रश्न आला होता. मक्केहून आलेल्या निर्वासितांना गोड्या पाण्याची टंचाई होती. ‘रूमा’ नावाच्या विहिरीला गोडे पाणी होते, पण मालक ते विकत देई. हजरत उस्मान यांनी पदरचे पैसे मोजून ती विहीर घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. मालकाला हुसकावून नव्हे, विकत घेऊन, हे विसरू नये. ज्याचे नुकसान होते त्याची भरपाई वेळेवर झाली, तर आपल्याकडेही अधिक बटणे दाबली जातील.

त्या उन्हाळ्यात जिल्ह्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडल्या होत्या. दुभती संकरित गाय उन्हात साठ लिटरहून अधिक पाणी पिते; तीन माणसांचे पाणी एक गाय. म्हणून जनावरे छावणीत आणि घर दोन ठिकाणी विभागलेले. घरधनी दावणीपाशी गोणपाटावर, बायको-मुले गावात. रोजेदारांची सहेरी तिथेच, तीन दगडांच्या चुलीवरच्या भाकरीने. संध्याकाळी चारावाटपाची रांग आणि इफ्तारची वेळ एकच आली, तर शेजारच्या दावणीवाल्याने पेंढी उचलून ठेवायची. उद्या त्याला तालुक्याला जायचे असले, की त्याच्या गाईला पाणी दाखवायचे. याला एकोप्याचे मोठे नाव द्यायला तिथे कोणाला सवड नव्हती.

५ जूनला ईद झाली. मान्सून तेव्हा केरळातही पोचला नव्हता. तो ८ जूनला आला. ईदच्या सकाळी अंघोळ करून नमाजला जायची रीत आहे. त्यासाठी कित्येक घरांत आदल्या दोन दिवसांचे पाणी झाकून ठेवले होते. धाकट्यांच्या अंघोळी आधी, मोठ्यांच्या उरल्या पाण्यात. शीरखुर्म्याचे दूध छावणीतून आले.

आता रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. विहिरींना थोडे पाणी असते, हवा बरी असते. चांद्र वर्षाच्या हिशेबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत तो पुन्हा मे महिन्यात यायला २०५० उजाडेल. टँकर मात्र त्या आधी येतील.