हात हलला की धवला

'पेण-रोह्याचं जुनं गाणं शोधून आण,' असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी आणि खालूबाजा होता. पाय अडकले ते मात्र पेणच्या खारपट्टीतल्या एका ओटीवर, एका म्हाताऱ्या धवलारणीपाशी.

धवलारीण म्हणजे आगरी समाजात गाण्यातून लग्न लावणारी बाई. तिच्या लग्नगीताला धवला म्हणतात. तेराव्या शतकात कवयित्री महदंबेने रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, इतका हा शब्द मराठीत जुना. गावदेवीला आणि वाडवडिलांना आवतण, हळद, आंघोळ, पाठवणी. ज्या त्या विधीला आपला धवला. एक ओळ ती सोडते, भोवतीच्या बायका उचलतात.

1941 साली अमेरिकी लोकगीत-संग्राहक अॅलन लोमॅक्सने मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर जाऊन ब्लूज गायक मडी वॉटर्सचं गाणं मुद्रित केलं. ते ब्लूज कापूस वेचणाऱ्यांच्या वस्तीतून आलं होतं. धवला गाणाऱ्या बायकांचे हातही असेच राबलेले: मिठागरात मीठ ओढलेले, उधाणात बांधाला खांड गेली की चिखल वाहिलेले.

मी फोन पुढे धरून म्हटलं, "आजी, एखादा धवला म्हणा ना." त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडल्या.

"नुसती बसून नाय येत गो बाय. हात हलला पायजे."

सुनेने कोपऱ्यातलं जातं ओढून आणलं. आजींनी पदर खोचला, मूठभर तांदळाची वैरण घातली आणि खुंटा धरला. पहिले दोन फेरे मुके गेले. तिसऱ्याला दगडाची घरघर सुरात मिसळली आणि ओळीमागून ओळ येऊ लागली. एक ओळ, एक फेरा. श्वास घ्यायला जागा हवी तिथे नेमकी वैरणीची मूठ पडत होती. सून आतून ओळ उचलत होती. अर्धा तास मी हलले नाही.

निघताना मन जड झालं ते याच जात्यामुळे. आता हळद पाकिटातून येते, पीठ गिरणीतून. हळदीच्या रात्री डीजे लागतो, त्यापुढे म्हाताऱ्या बाईचा आवाज कुठवर पोचणार? हॉल तासांवर घेतलेला असतो, विधी उरकले जातात. आणि विधी गळला की त्याचा धवलाही गळतो, कारण एरवी तो सहसा म्हटला जात नाही. आजींची नात मोबाइलवर गाणी भरून ठेवते, हे चांगलंच. पण कोणत्या विधीला कोणता धवला, तो कुठे थांबवायचा, बायकांनी कुठे उचलायचा, हे मांडवात आजींशेजारी बसूनच कळतं.

म्हणून पेण-रोह्याकडच्या लग्नघरांना माझी कळकळीची विनंती आहे. डीजे लागण्याआधी तासभर मांडवात जातं मांडा. आजीला खुंटा धरू द्या, आणि तिच्यासमोर एखाद्या पोरीला बसवा.