नरखेडचा सभासद कुठे होता?

१८१८ साली पृथ्वीच्या दोन टोकांना दोन मुलखांचं नशीब ठरलं. ३ डिसेंबरला इलिनॉय हे अमेरिकेच्या संघराज्यातलं एकविसावं राज्य झालं आणि त्याचं स्वतःचं विधिमंडळ बसू लागलं. इकडे नागपुरात इंग्रज आणि भोसले यांच्यातल्या सीताबर्डीच्या लढाईला जेमतेम वर्ष झालं होतं. आप्पासाहेब भोसल्यांची गादी गेली होती. कोवळ्या वयाचे तिसरे रघूजी नागपूरच्या गादीवर बसले आणि त्यांच्या नावाने कारभार पाहू लागले इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स. वर्धा नदीच्या बाजूची मोवाड, जलालखेडा, नरखेड ही गावं या भोसल्यांच्या राज्यात होती.

सोळा वर्षांनी, १८३४ मध्ये, इलिनॉयमधल्या न्यू सेलम नावाच्या खेड्याने काय केलं पाहा. तिथला पंचवीस वर्षांचा एक पोस्टमास्तर निवडणुकीला उभा राहिला. त्याच्या डोक्यावर बुडालेल्या दुकानाचं कर्ज होतं, आणि पोटासाठी तो जमिनीची मोजणीही करायचा. दोन वर्षांपूर्वी तो एकदा पडला होता, पण तेव्हासुद्धा त्याच्या स्वतःच्या गावच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्यालाच मिळाली होती. मतदान उघड असे. मतदार पुढे येऊन आपल्या माणसाचं नाव मोठ्याने सांगे आणि कारकून ते वहीत लिहून घेई. या वेळी तो निवडून आला. नवे कपडे शिवण्यासाठी त्याने ओळखीच्या माणसाकडून उसने पैसे घेतले आणि घोड्यांच्या टपालगाडीतून तेव्हाची राजधानी व्हँडेलिया गाठली. अब्राहम लिंकन राज्याच्या विधिमंडळाचा सभासद झाला तो असा.

हे चित्र सोज्वळ करून पाहू नये. मत होतं ते फक्त गोऱ्या पुरुषांना. काळ्या माणसांना मत नव्हतं, कुठल्याही बाईला नव्हतं, आणि ज्यांची ती जमीन होती त्या मूळ रहिवाशांना तर मुलखातूनच हुसकून लावलं जात होतं. तरीही मला त्यातली एक गोष्ट थक्क करते. एका खेड्याला आपला माणूस माहीत होता, त्यानेच त्याला पाठवलं होतं, आणि राजधानीत तो माणूस कर, रस्ते, कालवे, बँका यांच्यावर मत देत होता. गाव आणि कायदा यांच्यामध्ये एकच माणूस उभा होता.

त्याच काळी नरखेडच्या शेतकऱ्याने विचारलं असतं, ‘माझा सभासद कोण?’ तर काय उत्तर मिळालं असतं? या प्रश्नामागे शतकभराहून अधिक काळ चालत गेलं की वाटेत अशी विलक्षण वळणं लागतात की विश्वास बसू नये.

१८३४ मध्ये हा प्रश्नच उद्भवत नव्हता. राज्य भोसल्यांचं होतं. गावात पाटील होता, वर परगण्याचा कारभार होता, त्याच्याही वर दरबार. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी औरस वारस नसताना वारले आणि पुढच्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश जोडून ‘मध्य प्रांत’ तयार झाला, त्यावर एक चीफ कमिशनर बसला. आजचा नरखेड तालुका तेव्हा काटोल तहसिलीत मोडायचा.

नेमक्या त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने इंडियन कौन्सिल्स ॲक्ट केला. मुंबई इलाख्याला कायदे करणारं कौन्सिल मिळालं आणि २२ जानेवारी १८६२ ला त्याची पहिली बैठक झाली. जगन्नाथ शंकरशेट त्याचे सभासद होते. मुंबईला वाचनालय हवं, शाळा हवी, आगगाडी हवी, अशा प्रत्येक कामात ज्यांचा हात होता ते नाना शंकरशेट. पण अशा थोर माणसालाही त्या खुर्चीवर बसून काय करता येत होतं? गव्हर्नरने नेमलेले चार ते आठ जादा सभासद, त्यांतले निम्मे तरी बिनसरकारी, मुदत दोन वर्षं. समोर जे विधेयक ठेवलं जाईल त्यावर बोलायचं. त्यापलीकडचा विषय काढता येत नव्हता, सरकारला एकही प्रश्न विचारता येत नव्हता, अंदाजपत्रकाला हात लावता येत नव्हता. प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर बोलण्याचा हक्क आला १८९२ च्या कायद्याने, म्हणजे तीस वर्षांनी. तेव्हाही अंदाजपत्रकावर मत देता येत नव्हतंच. लोकांच्या वतीने बसलेला माणूस तीस वर्षं प्रश्न विचारल्याशिवाय बसतो, ही कल्पना आज करवत नाही.

आणि नरखेडला तेवढंही नव्हतं. बंगालला कौन्सिल १८६२ मध्ये मिळालं, वायव्य प्रांताला १८८६ मध्ये, पंजाबला १८९७ मध्ये. मध्य प्रांत शतक संपेपर्यंत वाट पाहत राहिला. कायदे मात्र थांबले नव्हते. जमीन महसुलाचा कायदा १८८१ मध्ये झाला, कुळकायदा १८८३ मध्ये आणि पुन्हा १८९८ मध्ये. हे झाले व्हाइसरॉयच्या कौन्सिलात, जे हिवाळ्यात कलकत्त्याला आणि उन्हाळ्यात सिमल्याला बसायचं. मालगुजाराने, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या मालकाने, कुळाकडून किती खंड घ्यावा, तो कुणी ठरवावा, कूळ कधी उठवता यावं, हे काटोल-नरखेडच्या चुलीपर्यंत पोचणारे प्रश्न शेकडो कोसांवरच्या दालनात सुटत होते. त्या कायद्यांत कुळाच्या भल्याच्या गोष्टीही होत्या. खंड ठरवण्याचं काम बऱ्याच अंशी सेटलमेंट अधिकाऱ्याकडे देऊन मालगुजाराच्या मर्जीला त्यांनी लगाम घातला. पण कुळाने पाठवलेला कुणी तिथे बसलेला नव्हता.

१८९३ मध्ये नागपूरचे गंगाधर माधव चिटणवीस व्हाइसरॉयच्या त्या कौन्सिलात सभासद म्हणून गेले. भोसल्यांच्या दरबारातली चिटणिशी ज्या घराण्यात होती, त्या घराण्यातला हा तिशीतला माणूस. नंतर नागपूरचे नामांकित वकील बिपिनकृष्ण बोस यांनीही ते काम केलं. नर्मदेपासून बस्तरच्या रानापर्यंतच्या अवाढव्य प्रांताचं म्हणणं असं एकेका माणसाने जाऊन मांडायचं! आजचा आमदार एक-दोन तालुक्यांचं गाऱ्हाणं घेऊन उभा राहतो. चिटणविसांना मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी बोलणाऱ्या लोकांचं दुखणं एकाच भाषणात, तेही इंग्रजीत, मांडावं लागत होतं.

पण खरी गंमत खाली, गावात सुरू झाली होती. १८८३ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने तहसिलींसाठी लोकल बोर्डं आली. त्यांत काही सभासद व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी, काही सरकारने नेमलेले, आणि बाकीचे गावागावांच्या मुकद्दमांनी, म्हणजे गावप्रमुखांनी, आपल्यातून निवडलेले. मतदानाच्या रूपाने कारभारात घुसलेली या भागातली ही पहिली फट म्हणायला हरकत नाही. अर्थात मत कुळाचं नव्हतं, मुकद्दमाचं होतं. लोकल बोर्डातून माणसं जिल्हा कौन्सिलात जायची. पुढे प्रांताला स्वतःचं कायदे कौन्सिल मिळालं तेव्हा या जिल्हा कौन्सिलांना त्यात सभासद पाठवण्याचा हक्क आला. म्हणजे नरखेडच्या शेतकऱ्यापासून कायद्यापर्यंत शिडी होती ती अशी: शेतकऱ्याच्या वर मुकद्दम, मुकद्दमाने निवडलेलं लोकल बोर्ड, बोर्डाने भरलेलं जिल्हा कौन्सिल, आणि अनेक जिल्ह्यांच्या कौन्सिलांनी मिळून निवडलेला एखादा सभासद. न्यू सेलमच्या मतदाराने मोठ्याने उच्चारलेलं नाव थेट राजधानीत पोचत होतं. इथे तोच आवाज चार पायऱ्या चढेपर्यंत कुणाचा होता हेच ओळखू येत नसणार.

ते कौन्सिल बसलं ऑगस्ट १९१४ मध्ये, नागपुरात. मुंबईपेक्षा बावन्न वर्षं उशिरा. निवडून आलेले सभासद सात. ते पाठवले नगरपालिकांनी, जिल्हा कौन्सिलांनी आणि जमीनदारांनी. बाकीचे बहुतेक सरकारने नेमलेले. आणि याशिवाय तीन सभासद असे होते, की त्यांच्याबद्दल वाचताना मी पान उलटायचं विसरलो.

त्यासाठी मोवाडला जाऊन नदीपलीकडे पाहावं लागेल. पलीकडे वरूडचा मुलूख, अमरावती जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. आज दोन्ही काठांवर संत्र्याच्या बागा आहेत, बोली एक आहे, सोयरिकी होतात. पण १८०३ च्या देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, इंग्रजांनी तो निजामाला दिला, आणि नदी सीमा झाली. १८५३ मध्ये आपल्या कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला. कारभार इंग्रजांचा, सार्वभौमत्व निजामाचं. कायद्याच्या दृष्टीने वरूडची जमीन ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतीच. तिथला शेतकरी निजामाचा प्रजाजन होता. जमिनीची पद्धतसुद्धा वेगळी. मोवाडला मालगुजार आणि त्याची कुळं, तर पलीकडे मुंबई इलाख्यासारखे सरकारशी थेट बांधलेले खातेदार. हिंदुस्थानात झालेले कायदे वऱ्हाडला आपोआप लागू होत नसत. परराष्ट्र खात्याच्या हुकुमाने ते एकेक करून तिकडे लावावे लागत.

मग अशा परक्या मुलखातला माणूस ब्रिटिश कौन्सिलात निवडून कसा यायचा? उपाय असा काढला गेला: वऱ्हाडात निवडणूक घ्यायची, जो जिंकेल त्याला सरकारने ‘नेमायचं’. मतदारांनी निवडलेला सभासद कागदोपत्री सरकारनियुक्त! १९१४ मध्ये असे तीन होते. १९१९ च्या सुधारणा कायद्याने कौन्सिल मोठं केलं तेव्हा वऱ्हाडचे सतरा झाले, आणि पार्लमेंटने कायद्यातच लिहून ठेवलं की निवडणुकीच्या निकालावरून नेमलेल्या या सभासदांना निवडून आलेलेच समजावं. निवडलेला, म्हणून नेमलेला, म्हणून पुन्हा निवडलेला मानलेला. निजामाच्या हक्काला धक्का न लावता लोकांना मत द्यायचं, म्हणून वकिलांनी विणलेली ही वीण. मला ती फसवी वाटत नाही. सत्ता आणि लोक यांच्यातली गाठ सुटत नव्हती, तेव्हा तिला वळसा घालून काढलेली ती वाट होती, आणि त्या वाटेने खरी माणसं सभागृहात पोचली.

१९२१ पासूनच्या कौन्सिलात काटोल-नरखेडच्या काही शेतकऱ्यांना पहिल्यांदा थेट मत मिळालं. तेही ठरावीक सारा किंवा कर भरणाऱ्यांनाच. प्रांतात शंभर माणसांमागे मत एक-दोघांकडेच होतं. पहिले अध्यक्ष झाले तेच गंगाधरराव चिटणवीस, आता वृद्धत्वाकडे झुकलेले, सरकारने नेमलेले. अस्पृश्य समाजाच्या वतीने अमरावतीचे गणेश आकाजी गवई आले, तेही नेमणुकीनेच. मग १९२३ च्या निवडणुकीत डॉ. मुंजे यांच्या नेतृत्वाखालच्या स्वराज्य पक्षाने इथे बहुमत मिळवलं आणि १९२४ मध्ये सभागृहाने मंत्र्यांचं पगारबिल वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवलं. गव्हर्नर फ्रँक स्लाय यांना मंत्र्यांकडची खाती स्वतःकडे घ्यावी लागली. तीस वर्षं प्रश्न न विचारता बसलेल्या शंकरशेटांच्या पिढीनंतर सभासदाचा आवाज किती वाढला होता, हे त्या दोन रुपयांवरून कळतं. आणि तो आवाज ज्या मतदारांनी दिला होता ते संख्येने किती थोडे होते, हेही विसरू नये. लोकांचा दबाव म्हणावा तर त्या लोकांतले बहुतेक जण मतदारयादीबाहेरच उभे होते.

१९३७ मध्ये ११२ जणांची विधानसभा आली, मतदारांची यादी बरीच लांबली, आणि अनसूयाबाई काळे तिच्या उपाध्यक्ष झाल्या. तरीही शेतात मजुरीला जाणारी बहुतेक माणसं यादीबाहेरच राहिली. पाटलाच्या वाड्यावर किती सारा भरला जातो, यावर कुणाचं मत मोजायचं हे ठरण्याची रीत संपली ती १९५० च्या राज्यघटनेने. त्याच राज्यघटनेने वऱ्हाडवरचं निजामाचं नावापुरतं उरलेलं धनीपणही इतिहासजमा केलं. १९५१-५२ मध्ये झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मोवाडची मजूरबाई आणि पलीकडच्या काठची मजूरबाई, दोघींनी एकाच विधानसभेसाठी मत दिलं. कुणी नेमून घेण्याची गरज नव्हती. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचा आता मध्य प्रदेश झाला होता; २३२ जागांची त्याची विधानसभा नागपुरात बसली, आणि चारच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला तेव्हा नरखेडचा आमदार मुंबईची गाडी पकडू लागला.